त्याच्यावर अभिमान

परवा ऑफिसला जाताना बस मैदानाच्या कडेने वळली आणि मला एक माणूस गोलपोस्टला पांढरा रंग देताना दिसला. एक खांब नवरदेवासारखा चकचकीत झाला होता, दुसरा गंजलेला तसाच होता, आणि आडव्या दांडीवर बसून एक कावळा कामावर देखरेख करत होता. लीग आली. दरवर्षी हे दृश्य दिसलं की मी शेजारच्या अनोळखी माणसालाही कोपराने ढोसून सांगते, लीग आली. परवा कुणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या स्टॉपवर मुकाट उतरले. बँकेत फोन करून पोटात दुखतंय म्हणाले, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. आधीच्या रविवारी मला जो धक्का बसला होता तो पोटातच जाऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, साताऱ्याची बाई, बँकेतली अधिकारी, चौपन्न वर्षांची. हिचा फुटबॉलशी संबंध काय? हा प्रश्न मी स्वतःला अठ्ठावीस वर्षं विचारते आहे. तीन वर्षांच्या बदलीवर कलकत्त्याला आले, भवानीपूरच्या एका मराठी घरात लग्न होऊन पडले, आणि सासऱ्यांनी पहिल्याच पावसाळ्यात हातात छत्री देऊन सांगितलं, "चल बोउमा, आज नांगरची मॅच आहे." सून म्हणजे बोउमा, हा पहिला धक्का. नांगर हा दुसरा. आपल्याकडे नांगर म्हटला की बैल आले, ढेकळं आली. मला वाटलं शेतकऱ्यांचा संघ असेल. मैदानावर जाऊन बघते तर जर्सीवर जहाजाचा नांगर. क्लबचं नाव नोंगर स्पोर्टिंग. बंगालीत जहाज जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी अंकुशाला नोंगर म्हणतात, आणि आमचे बाबा, म्हणजे हे सासरेच, गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढत होते, म्हणून त्यांचा संघ नोंगर. कारखान्यातल्याच काही लोकांनी कधी काळी काढलेला हा क्लब. क्लबच्या मैदानावरच्या खोलीला टेंट म्हणतात, पण तंबू वगैरे काही नाही. लाकडी फळ्या, वर पत्रा, आणि आत एक कपाट, ज्यात एक ढाल आहे. ती कशाबद्दल मिळाली हे आता कुणालाच आठवत नाही.

बाबांचा जन्म इथला, त्यांच्या वडिलांचाही इथलाच. घरात मराठीच बोलायचं हा त्यांचा कडक नियम, पण ती मराठी गंगेचं पाणी प्यायलेली. प्यायलेली म्हणजे त्यांच्या भाषेत खाल्लेली. "बोउमा, जरा पाणी खातो." मी सातारची. मी म्हणायचे, "बाबा, पाणी पितात." ते म्हणायचे, "बरं." आणि पाच मिनिटांनी सिगारेट खायला गॅलरीत जायचे. मी त्यांची विभक्ती सुधारली, लिंगं सुधारली, क्रियापदं सरळ केली. माझ्याइतकी शुद्ध मराठी हावड्याच्या पुलापासून गरियाहाटपर्यंत कुणी बोलत नाही, असं मीच लोकांना सांगत फिरायचे. हे लक्षात ठेवा. ह्याच शुद्ध मराठीने पुढे घात केला.

आता गेल्या मोसमाविषयी. मी फुगवून सांगते असा माझ्यावर आरोप आहे, म्हणून आधीच सांगते, ह्यातलं निम्मं नक्की खरं आहे. गेल्या वर्षी मैदानावर इतका चिखल होता की आमच्या लेफ्ट बॅकचा, खोकनचा, उजवा बूट जुलैत रुतला तो अजून वर यायचाय. खोकन म्हणजे सुटत चाललेली मिनीबस पकडायला धावणारा माणूस. जीव तोडून धावतो, आणि बस जातेच. सेंटर फॉरवर्ड रघूने अख्ख्या मोसमात दोन गोल केले, त्यातला एक बुटाची नाडी बांधत असताना डोक्याच्या मागच्या बाजूने. चेंडू आत गेल्याचं त्याला लोकांनी सांगितलं, तेव्हा तो खरोखर दचकला. आणि कोच शिबूदा. त्यांच्याकडे डावपेच एकच. लाइनवर उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडायचं, "चेष्टा कर, चेष्टा कर." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थिजलेच. कोच स्वतः सांगतोय चेष्टा करा? ती तर पोरं आधीपासून उत्तम करत होती. बाबांनी मग सांगितलं की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तेव्हापासून मी शहाणी झाले, असा माझा समज होता.

असा हा संघ, आणि तरी मोसमाच्या पहिल्या सहा सामन्यांत आमच्यावर एकही गोल झाला नाही. कारण गोलमध्ये पोल्टू होता.

पोल्टू एकोणीस वर्षांचा असताना बाबांनी त्याला पहिल्यांदा घरी आणला, ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा तो इतका बारीक होता की दोन गोलपोस्टांमध्ये तिसरा खांब उभा वाटायचा. उड्या मात्र वेड्यासारख्या मारायचा. बाबांनी त्याला आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. ड्रॉइंगचा कागद पसरला, गुण्या काढला, मिठाची बरणी म्हणजे पोल्टू, लोणच्याची बाटली म्हणजे समोरचा फॉरवर्ड. आणि रेषा मारून दाखवलं, की तू जागेवर उभा राहिलास तर तो एवढा गोल बघतो, आणि दोन पावलं पुढे आलास तर एवढाच. "कोन मार," ते म्हणाले. "उडी नंतर. आधी कोन मार." त्यानंतर दर रविवारी सकाळी पोल्टू घरी. सोबत पानाच्या द्रोणात कचोऱ्या. टेबलावर कागद. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे की बरणीतलं मीठ सांडू नका, आणि बाहेरून दोघं एका सुरात "ना ना" म्हणायचे. मी त्याची काकीमा, म्हणजे काकू, आणि बाबा त्याचे दादू, आजोबा. आमच्या घरात आठवड्याचे सात दिवस असतात, पण बाबांच्या आठवड्यात एकच होता.

सहा सामने. लोकांनी नोंगरचं नाव घ्यायला सुरुवात केली. दोन मोठे क्लब सोडून लोक आमच्या सामन्याला येऊ लागले, निदान त्यांची तिकिटं संपलेली असायची तेव्हा. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला पेपर वाचायला आधी दिला, कारण त्यात पोल्टूचा फोटो होता आणि तो मी बघितला की नाही ह्याची त्यांना खात्री हवी होती. फोटोत पोल्टूचं फक्त एक कोपर दिसत होतं. बाबांनी ते कात्रीने कापून ठेवलं.

मग खोकनचा गुडघा गेला, रघूला ताप आला, आणि आम्ही हरत सुटलो. शेवटच्या सामन्याला आम्हाला एक गुण हवा होता. बरोबरी झाली तरी वरच्या गटात राहणार, हरलो तर खाली. पाऊस असा पडत होता की पलीकडचा गोल मला दिसत नव्हता, नुसता आहे असं धरून चालायचं. नव्वद मिनिटं होत आली, शून्य-शून्य. त्यांची एक लांब किक आली, पोल्टूने ती छातीशी घेतली. संपलं. गॅलरीतले लोक उठून छत्र्या उघडायला लागले. पोल्टूने चेंडू लेफ्ट बॅककडे सरपटत टाकायला हात मागे नेला, आणि ओला चेंडू त्या मागे गेलेल्या हातातून सुटला. मागेच गेला. फार जोरात नाही. एखादी बदकीण घरी जाते तसा डुलत डुलत रेषेच्या आत जाऊन थांबला.

तुम्हाला शप्पथ सांगते, नदीवरच्या लाँचचा भोंगासुद्धा त्या क्षणी अर्धवट थांबला. पोल्टूचा हात अजून मागेच होता. मी बाबांकडे बघितलं. सगळे छत्र्या उघडत होते आणि बाबा भर पावसात आपली मिटत होते. हळूहळू, एक एक काडी. मग त्यांनी तिचं बटण लावलं आणि ती मांडीवर ठेवून बसून राहिले.

घरी येताना टॅक्सीत म्हणाले, "चेंडू ओला होता." बस, एवढंच. पुढच्या रविवारी सकाळी आठला त्यांनी टेबलावर कागद पसरला. पोल्टू आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात पेपरात आलं की पोल्टूने एका मोठ्या क्लबाशी करार केला. ह्या वेळी अख्खा चेहरा छापला होता. मी हादरले. असा गोल खाणाऱ्याला मोठा क्लब घेतो? मागून कळलं, त्यांच्या माणसांनी पहिले सहा सामने बघून कधीच ठरवलं होतं. पोल्टूने आम्हाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी बातमी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला. मग मला म्हणाले, "बोउमा, मला त्याच्यावर अभिमान झालाय."

मला काय वाटलं सांगू? मला भरून आलं. काय मोठ्या मनाचा माणूस, संघ बुडाला, पोरगं सोडून गेलं, आणि ह्यांना त्याचा अभिमान. आणि भरून आलेलं असतानाही माझ्यातली सातारकरीण जागी होती. मी म्हणाले, "बाबा, त्याच्यावर नाही, त्याचा. आणि झालाय नाही, वाटतो. मला त्याचा अभिमान वाटतो."

बाबांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, "बरं."

त्याच दिवशी मी पोल्टूला फोन केला. एवढा मोठा निरोप मनात ठेवून कसं चालेल? आणि बघा माझी हुशारी. मराठी अभिमानाला बंगालीत गर्व म्हणतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी शब्द बदलून, घासून पुसून, शुद्ध बंगालीत सांगितलं की दादूंना तुझा गर्व वाटतो. तिकडे पोल्टू म्हणाला, "ठीक आछे, काकीमा." आवाज विचित्र आला. मला वाटलं, त्यालाही भरून आलंय.

मग दुर्गापूजा आली, विजया म्हणजे दसरा आला. विजयेला इथे लहान माणसं मोठ्यांच्या पायावर डोकं ठेवायला घरोघरी जातात. पोल्टू आला नाही, त्याचा फोन आला. बाबा समोर बसून नारळाचा लाडू खात होते. म्हणाले, "झोपलोय म्हणून सांग." मी सांगितलं. मला वाटलं, लाडू महत्त्वाचा असेल. हिवाळ्यात ते दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायला लागले, खाली गल्लीकडे तोंड करून. मला वाटलं, ऊन घेतात. पुढे कडक उन्हाळा आला तरी तिथेच. मला वाटलं, वारा घेतात. नवरा म्हणाला, "अगं, बाबा हल्ली गप्प असतात." मी म्हणाले, "वय झालं." एका बाईला नऊ महिन्यांत जितकं चुकीचं वाटू शकतं, तितकं सगळं मला वाटून झालं.

आणि आठ दिवसांपूर्वीचा रविवार. नारायणदा म्हणून एक न्हावी बाबांची दाढी करायला घरी येतो. मी आत डाळीला फोडणी देत होते. बाहेर नारायणदाने बंगालीत विचारलं, "काका, तुमचा तो पोल्टू येत नाही हल्ली?" बाबा थोडं थांबले, गालावर वस्तरा असेल. मग बंगालीत म्हणाले, "ओर ओपोर आमार अभिमान होयेछे. ओ बोझे ना?"

मोहरी करपली. मी तशीच उभी.

वाक्य तेच होतं. मला त्याच्यावर अभिमान झालाय. नऊ महिन्यांपूर्वी मला सांगितलेलं, शब्दाला शब्द. पण ह्या वेळी ते बंगालीत आलं, आणि बंगालीत त्याचा अर्थ मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे. बँकेतल्या बायकांच्या तोंडी मी तो रोज ऐकते. बंगाली अभिमान म्हणजे गर्व नव्हे. रागही नव्हे. आपल्या माणसाने दुखावलं, तर त्याच्याशी न बोलता, तोंड फिरवून, तो येऊन समजूत काढेल म्हणून वाट बघत बसायचं, त्याला अभिमान म्हणतात. आपण रुसवा म्हणतो, पण रुसवा लहान पोरांचा. हा मोठ्यांचा. तो शब्द बाबांनी मराठी वाक्यात घातला, म्हणून मी तो मराठी कानांनी ऐकला. वर त्यांची विभक्ती सुधारली. त्याच्यावर हेच बरोबर होतं. माणसावर होतो तो हा अभिमान. आणि ते "बरं" म्हणाले होते.

"ओ बोझे ना?" त्याला समजत नाही का? त्याला कसं समजणार, मी त्याला गर्व म्हणून सांगून बसले होते. मी तो शब्द नुसता उचलून जसाच्या तसा फोनमध्ये टाकला असता, तरी पोल्टू पुढच्या मिनीबसने येऊन उभा राहिला असता. मला बंगाली येत नसतं तरी चाललं असतं. मराठी जरा कमी आली असती, तरी चाललं असतं.

म्हणून परवा मी बसमधून उतरले. मोठ्या क्लबाच्या टेंटला फाटक आहे, फाटकावर माणूस आहे. मी त्याला बँकेचं ओळखपत्र असं काही दाखवलं की तो बाजूलाच झाला. सराव संपत होता. पोल्टू दाराशी बाकावर बसून पायाची पट्टी सोडत होता. आता खांबासारखा राहिला नाही, चांगला दरवाजासारखा झालाय. मला बघून ताडकन उठला. "काकीमा? दादू ठीक आहेत ना?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, मोहरीसकट. त्याच्या हातातली पट्टी लोंबत राहिली. मग तो बाकावर बसला, आणि बाक ओला आहे हेही त्याला कळलं नाही.

"गर्व नव्हता?" तो म्हणाला.

"नव्हता रे. माझी चूक झाली."

"मी रोज विचार करायचो, काकीमा. तो गोल खाल्ला, न सांगता गेलो, तरी ह्या माणसाला माझा गर्व. म्हणजे ह्यांनी मला सोडून दिलं. पेपरातल्या माणसाचा वाटतो तसा गर्व. आपल्या माणसाला असं कुणी म्हणतं? तिथे कुठल्या तोंडाने जाणार होतो?" मग एकदम मान वर करून त्याने विचारलं, "अभिमान म्हणालात ना? नक्की? अजून आहे?"

"नऊ महिन्यांचा झालाय," मी म्हणाले.

मी आजवर नोंगरचे शंभर विजय पाहिले असं सांगत असते. खरे अकरा असतील. त्यातल्या एकालाही कुणाचा चेहरा असा उजळलेला पाहिला नाही.

काल रविवार होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत. मी त्यांना काही बोलले नव्हते. साडेआठला त्यांची खुर्ची करकरली. खाली गल्लीत कुणी दिसलं की काय माहीत नाही, पण ते उठले, घाईघाईने आत आले, भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला इतक्या चपळाईने आडवं होताना मी पाहिलं नव्हतं. आमच्या संघात कुणी इतकं चपळ असतं तर आम्ही आज खालच्या गटात नसतो.

पोल्टू आला. हातात द्रोण, कचोऱ्यांचा वास घरभर. त्याने पायाला हात लावला. पाय आत ओढला गेला. पलंगाच्या कडेला बसून पोल्टू अर्धा तास बोलत होता. करार का लपवला, तो गोल, त्यानंतर रात्र रात्र झोप नाही, मोठ्या क्लबात तो अजून राखीव गोलकीपर आहे, नऊ महिन्यांत फक्त दोनदा खेळायला मिळालंय, आणि तिथे कोन कुणी शिकवत नाही. बाबांची पाठ हलली नाही. मी दारात. शेवटी भिंतीलाच उद्देशून बाबा मराठीत बोलले. ज्या माणसाची बंगाली मराठीपेक्षा चौपट चांगली, तो समोरच्या बंगाल्याशी माझ्यामार्फत मराठीत बोलत होता.

"बोउमा, त्याला विचार, चेंडू हातात आल्यावर डावा पाय कुठे होता."

मी विचारलं. पोल्टू म्हणाला, "मागे."

"तेच." भिंत म्हणाली. "कागद कुठाय?"

मी कागद आणला, गुण्या आणला, मिठाची बरणी आणली. बाबा उठून टेबलाशी बसले, पोल्टूकडे न बघता. तासभर रेषा मारल्या. कचोऱ्या दोघांनी खाल्ल्या, एकमेकांकडे न बघता. मीठ सांडलं. मी काही ओरडले नाही.

निघताना पोल्टू दाराशी घुटमळला. बाबा कागदाची गुंडाळी करत होते.

"बोउमा, त्याला सांग, माझा त्याच्यावर अभिमान अजून गेलेला नाही."

मी पोल्टूकडे वळले आणि सांगितलं, "दादूंचा तुझ्यावर अभिमान अजून गेलेला नाही." एक शब्द बदलला नाही. विभक्तीला हात लावला नाही.

"पुढच्या रविवारीही असेल, म्हणावं," बाबा म्हणाले. "आणि कचोऱ्या गरम आण."